तुतीचा पिवळा आणि गेरूचा तांबडा : व्हॅन गॉगची दोन वृक्षचित्रे

‘ऑटम’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास अनुवादकाची मोठी पंचाईत होते. पंचांगानुसार आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. परंतु शरद म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि पिकत आलेली भातशेते उभी राहतात. झडणारी पाने नव्हेत. आपल्याकडे पाने झडतात ती शिशिरात. मर्ढेकरांनी १९३९ साली आपल्या पहिल्या काव्यसंग्रहाला ‘शिशिरागम’ हे नाव दिले, तेव्हा त्या एका शब्दाने जी हुरहूर सूचित झाली ती ‘शरदागम’ने कदापि झाली नसती. तेव्हा ‘ऑटम’चा ‘शरद’ केला तर महिना जुळतो पण भाव हरवतो. ‘शिशिर’ केला तर भाव जुळतो पण महिना चुकतो. बहुतेक अनुवादक अखेरीस ‘पानगळ’ या शब्दाचा आश्रय घेतात.

ही अडचण वरवर पाहता कोशकाराची आहे. तिच्या मुळाशी मात्र एक गृहीतक आहे, आणि ते तपासून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक ऋतूचा एक भाव ठरलेला असतो, पानगळ म्हणजे खिन्नता, आणि कवीने किंवा चित्रकाराने निष्पर्ण होणारे झाड निवडले की खिन्नता आपोआप त्याच्या पदरात पडते, असे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात आम्ही ते दोन तैलचित्रांच्या आधारे तपासणार आहोत. दोन्ही चित्रे एकाच चित्रकाराची, एकाच वर्षाच्या शरदातली आणि एकाच रुग्णालयाच्या आसपास रंगवलेली आहेत. एकातील झाड पिवळे पडले आहे, लवकरच त्याची पाने झडतील. तरीही त्यात खिन्नतेचा लवलेश नाही. दुसऱ्यातील झाड सदाहरित आहे, त्याला पानगळ ठाऊकच नाही. आणि तरीही ते चित्र मनाला घोर लावते.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. साल १८८९. आर्ल येथील वास्तव्य डिसेंबर १८८८ मधील सुप्रसिद्ध आपत्तीने संपुष्टात आल्यानंतर तो ८ मे १८८९ रोजी स्वेच्छेने दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमी या गावाजवळच्या सँ-पॉल-द-मोझोल या मनोरुग्णालयात दाखल झाला. ही वास्तू मुळात एक जुना मठ. सभोवती ऑलिव्हची बने, गव्हाची शेते आणि मागे आल्पिय नावाच्या चुनखडीच्या डोंगरांची रांग. डॉक्टर तेओफिल पेरों यांच्या देखरेखीखाली तो तेथे वर्षभर राहिला. झोपायच्या खोलीखेरीज रंगकामासाठी दुसरी एक खोली त्याला देण्यात आली होती. या वर्षभरात त्याने सुमारे दीडशे चित्रे केली. ‘तारांकित रात्र’ त्याच जून महिन्यातली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या वर्षातील काही तारखा महत्त्वाच्या आहेत. जुलैच्या मध्यावर, बाहेर चित्र काढत असतानाच, त्याला आजाराचा तीव्र झटका आला. तो ऑगस्टअखेरीपर्यंत पुरला. त्या काळात त्याने रंग खाण्याचा प्रयत्न केल्याने रंगकामालाही बंदी झाली. त्यानंतरचे काही आठवडे तो खोलीतच काम करत राहिला. मिले व देलाक्रवा यांच्या कृतींच्या छापील प्रतिकृती समोर ठेवून त्याने आपल्या रंगांत त्यांची भाषांतरे केली. (संगीतकार दुसऱ्याची रचना वाजवतो तसे हे आहे, असे त्याने स्वतःच म्हटले आहे.) पुढचा झटका आला नाताळच्या सुमारास. म्हणजे १८८९ चा शरद हा दोन झटक्यांच्या मधला, चित्त थाऱ्यावर असलेला काळ होय. ही दोन्ही चित्रे या मधल्या काळातली आहेत. ज्यांना प्रत्येक वळणदार फटकाऱ्यात वेडाची लहर दिसते, त्यांनी हा तपशील ध्यानी ठेवावा.

पहिले झाड तुतीचे. दक्षिण फ्रान्समध्ये तुती शोभेसाठी लावली जात नसे. ती रेशमाच्या किड्यांचे खाद्य म्हणून लावली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेब्रिन नावाच्या रोगाने तेथील रेशीमकिड्यांचा फडशा पाडला. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून काही वर्षे आलेस येथे राहून या रोगाचा अभ्यास केला तो याच संकटापायी. उपाय सापडला, पण तोवर आशियातील रेशीम स्वस्तात येऊ लागले होते आणि जुना व्यवसाय पूर्वपदावर आला नाही. तुतीची झाडे मात्र बांधांवर आणि माळांवर उभी राहिली. शिवाय रेशीमकिड्यांना हवी असते ती वसंतातली कोवळी पालवी. ऑक्टोबरातल्या पिवळ्या पानांना बाजारात किंमत शून्य. व्हॅन गॉगने तुती निवडली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा तिच्या पानांचा कुणालाही काही उपयोग उरलेला नव्हता.

हे चित्र ऑक्टोबर १८८९ मधले. आज ते कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. आकार अवघा ५४ बाय ६५ सेंटिमीटर. या छोट्याशा पटाचा बहुतांश भाग एकट्या झाडाने व्यापला आहे. खाली पांढुरकी, खडकाळ, उताराची जमीन. तीवर आखूड, बळकट, फांदलेले खोड. आणि त्यावर पिवळ्या-नारिंगी पर्णसंभाराचा भडका. मागे निळे आकाश. पाने एकेक करून काढलेली नाहीत. रंगाचे जाड वळसे, वेटोळी आणि कुरळे फटकारे एकमेकांत गुंतत बाहेर झेपावतात. रंगाचा थर इतका जाड आहे की त्याच्या कडांना स्वतःची सावली पडावी. वाऱ्याने झाड हलते आहे असे म्हणावे तर वाऱ्याला एक दिशा असते. येथे गती सर्व दिशांना आहे. झाड हलत नाही, ते उसळते आहे.

आता या चित्रात खिन्नता कोठे आहे? आम्हांला तरी ती सापडत नाही. पाने पिवळी पडली आहेत हे खरे, पण त्या पिवळ्याचा अर्थ ‘लवकरच गळणार’ असा होत नाही. तो निळ्याशी असलेल्या नात्यातून ठरतो. नारिंगी व निळा हे परस्परपूरक रंग. ते शेजारी ठेवले असता दोन्हीही अधिक प्रखर होतात. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने मांडलेला हा सिद्धान्त व्हॅन गॉगने शार्ल ब्लाँ यांच्या लेखनातून हॉलंडमध्ये असतानाच, म्हणजे या चित्राच्या चार-पाच वर्षे आधी, आत्मसात केला होता. निळ्यापुढे नारिंगी ठेवताना काय होईल हे त्याला नेमके ठाऊक होते. ऋतूने त्याला पिवळा पुरवला. तो नारिंगीपर्यंत तापवला चित्रकाराने.

याच सुमारास भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने या चित्राचा उल्लेख केला आहे, आणि तो अतिशय बोलका आहे. खडकाळ जमिनीवरील पिवळीजर्द तुती, मागे निळे आकाश, एवढे सांगून तो म्हणतो की या चित्रात मोंतिसेलीचा माग मला सापडला आहे हे तुझ्या ध्यानात येईल. अदोल्फ मोंतिसेली (१८२४–१८८६) हा मार्सेचा चित्रकार. जाडजूड, लेपासारखा रंग लावण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. दोघा भावांनी त्याची चित्रे संग्रही ठेवली होती, आणि आपण त्याचेच काम पुढे चालवत आहोत असे व्हॅन गॉग मानत असे. म्हणजे ज्या जाड रंगात उत्तरकालीन प्रेक्षकांना अनावर मनोवस्था दिसली, तो रंग चित्रकाराच्या लेखी परंपरेचा वारसा होता. एखाद्या कवीने आपल्या कवितेबद्दल ‘यात मला अमुक पूर्वसूरींची ओवी गवसली’ असे म्हणावे, तसेच हे आहे. अशा कवितेला आपण उन्मादाचा उद्गार म्हणत नाही.

दुसरे झाड रुग्णालयाच्या बागेतले. हे मोठे चित्र आहे, सुमारे पाऊण मीटर उंच आणि त्याहून रुंद. ते जर्मनीतील एसेनच्या फोल्कवांग संग्रहालयात आहे. त्याची चित्रकाराने स्वतःच केलेली दुसरी आवृत्ती अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. या चित्राचे भाग्य असे की त्याचे तपशीलवार वर्णन चित्रकाराच्याच हातचे उपलब्ध आहे. नोव्हेंबर १८८९ च्या अखेरीस एमिल बर्नार या तरुण चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात ते येते. साहित्याच्या अभ्यासकांनी ते पत्र मुळातून वाचावे. येथे आम्ही त्याचा आशय आमच्या शब्दांत देतो.

उजवीकडे इमारतीचा करडा भाग आणि फुले गळून गेलेली गुलाबाची झुडपे. डावीकडे उन्हाने भाजलेली गेरूसारखी तांबडी जमीन, तीवर पाइनच्या काटक्यांचा सडा. उंच पाइन वृक्ष, त्यांची खोडेही तांबडीच. त्यांच्या हिरव्यात काळा मिसळून तो हिरवा मुद्दाम उदास केलेला. मागे संध्याकाळचे पिवळे आकाश, त्यावर जांभळे पट्टे. बागेची भिंत नजर अडवते. तिच्यावरून फक्त डोंगराचा माथा दिसतो. आणि अगदी पुढे, पहिलेच झाड: एक प्रचंड बुंधा, वीज पडलेला आणि वरून करवतीने कापून टाकलेला. पण त्याची एक बाजूची फांदी मात्र उंच उसळी घेते आणि गडद हिरव्या काटक्यांचा लोंढा होऊन पुन्हा खाली कोसळते. समोरच्या झुडपावर शेवटचा एक गुलाब कोमेजतो आहे. दगडी बाके रिकामी आहेत. पावसाच्या डबक्यात पिवळे आकाश उतरले आहे. खोडांमधून काही काळसर माणसे फिरताना दिसतात.

पत्रात या कापलेल्या झाडाला मानभंग झालेल्या अभिमानी पुरुषाची उपमा दिली आहे, आणि त्याच्यासमोर कोमेजत्या गुलाबाचे फिके हसू ठेवले आहे. मराठीच्या वर्गात यावर लगेच ‘चेतनगुणोक्ती’ असे उत्तर येईल, आणि ते शब्दांपुरते बरोबरही आहे. पण लक्षपूर्वक पाहिले असता चित्रात तसे काहीच नाही. बुंध्याला चेहरा नाही, फांदीला हात नाहीत, गुलाब म्हणजे रंगाचे दोन-चार ठिपके. उपमा पत्रात आहे; चित्रात आहे तो एका जाड, थांबलेल्या उभ्या आकाराचा आणि एका वर उठून कोसळणाऱ्या रेषेचा विरोध. तो पाहिल्यावर मानभंगाचा अर्थ सुचावा इतकी सोय चित्रकाराने केली आहे, त्यापलीकडे नाही. पत्राच्या पुढच्या भागात तो स्वतःच हे उलगडतो: गेरूचा तांबडा, करड्याने मलूल केलेला हिरवा आणि कडा आवळणाऱ्या काळ्या रेषा यांच्या संयोगातून, येथील माझ्या काही समदुःखी सोबत्यांना जी घालमेल ग्रासते, तिची भावना निर्माण होते, वीज पडलेले झाड आणि शरदातील शेवटचे फूल हे विषय त्या भावनेला दुजोरा देतात. क्रम पाहावा. आधी रंग, मग विषय. विषय भाव निर्माण करत नाही. रंगरेषांनी निर्माण केलेल्या भावाला तो फक्त पुष्टी देतो. आणखी एक गोष्ट येथे निसटू नये. ही घालमेल तो सोबत्यांची म्हणून सांगतो. तो आपल्या आजाराची कैफियत मांडत नसून ज्या ठिकाणी अनेक जण दुःख भोगत आहेत त्या ठिकाणाचे चित्र काढतो आहे.

हे पत्र लिहिण्यास एक वाद कारणीभूत झाला होता. बर्नारने आपल्या धार्मिक चित्रांची छायाचित्रे पाठवली होती. त्याच वर्षी पॉल गोगँ यानेही ऑलिव्हच्या बागेतला व्यथित ख्रिस्त रंगवला होता आणि त्या ख्रिस्ताला स्वतःचा चेहरा दिला होता. बर्नारची ती चित्रे व्हॅन गॉगला मुळीच रुचली नाहीत. तो स्वतः धर्मोपदेशकाचा मुलगा. ऐन तारुण्यात बेल्जियमच्या खाणकामगारांत धर्मप्रचार करून आलेला. तेव्हा हा आक्षेप नास्तिकाचा नव्हे. त्याचे म्हणणे असे की घालमेलीचा ठसा उमटवायचा तर गेथसेमनेच्या बागेकडे थेट धाव घेण्याची गरज नाही. आणि सांत्वन द्यायचे तर पर्वतावरील प्रवचनातील पात्रे काढण्याची गरज नाही. पुरावा म्हणून त्याने आपल्या रुग्णालयाची बाग पुढे केली. बायबलमधील बागेऐवजी ही बाग, ख्रिस्ताऐवजी करवतलेला पाइन.

आम्हांला हा वाद साहित्याच्या इतिहासातही वारंवार भेटतो. व्यथा सांगण्यासाठी पुराणातली व्यथित व्यक्ती आणली की अर्धे काम पुराणच करून टाकते. वाचकाचे डोळे पाणावतात ते कवितेमुळे की संस्कारामुळे, हे कळेनासे होते. पानगळीचेही तसेच. ऋतूचा ठरीव भाव हेही एक प्रकारचे पुराणच. व्हॅन गॉगने या चित्रात त्यालाही नकार दिला: शरदातले सर्वांत दुःखी झाड म्हणून त्याने जे निवडले, त्याची पाने शरदात गळतच नाहीत. ऋतू कळतो तो एका गुलाबावरून आणि कलत्या उजेडावरून.

या उजेडाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. व्हॅन गॉग या काळात जो एक लाल रंग वापरत असे (इओसिनपासून केलेला, जिरॅनियमच्या नावाने विकला जाणारा), तो उजेडाने उडतो. त्यामुळे त्याच्या अनेक चित्रांतील गुलाबी छटा आज पांढुरक्या आणि जांभळ्या छटा निळसर झाल्या आहेत. त्याच्या चित्रांचा काही भाग आता फक्त पत्रांतील शब्दांतच शिल्लक आहे. रंगाने साथ सोडल्यावर शब्दांनी ती राखावी, ही घटना साहित्याच्या विद्यार्थ्याला अंतर्मुख करणारी आहे. मात्र शब्द येथे साक्षीदार आहेत. ते चित्राची जागा घेऊ शकत नाहीत.

व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी मरण पावला. त्यानंतर या झाडांना जर्मनीत दुसरे आयुष्य लाभले. कार्ल अर्न्स्ट ओस्टहाउस याने १९०२ साली हागेन येथे स्थापन केलेल्या फोल्कवांग संग्रहालयाने त्याची चित्रे फार लवकर संग्रही घेतली. १९२२ साली तो संग्रह एसेनला गेला. ड्रेस्डेन येथे १९०५ साली व्हॅन गॉगच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि त्याच शहरात त्याच वर्षी ‘ब्र्यूके’ या तरुण चित्रकारांच्या गटाची स्थापना झाली होती. पुढे ‘एक्स्प्रेशनिझम’ या नावाने जे ओळखले गेले, त्याची एक मुळी येथे आहे. १९१२ साली व्हिएन्नात एगोन शीले याने एक शरदातले झाड रंगवले. त्यात करड्या-पांढऱ्या आकाशावर निष्पर्ण फांद्यांच्या वेड्यावाकड्या रेषा तेवढ्या उरल्या आहेत. हे झाड की भेगा, असा प्रश्न पडावा. तुतीचा भडका तेथे पूर्ण विझला आहे, पण ‘झाडाची ओळख पटवण्यापेक्षा रेषेचा ताण महत्त्वाचा’ हा धडा तोच आहे.

या दुसऱ्या आयुष्याला एक उपद्रवही चिकटला. कार्ल यास्पर्स या मानसोपचारतज्ज्ञ-तत्त्वज्ञाने १९२२ साली स्ट्रिंडबर्ग आणि व्हॅन गॉग यांच्या आजाराचा आणि निर्मितीचा संबंध तपासणारा ग्रंथ लिहिला. अर्व्हिंग स्टोनची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी १९३४ साली आणि तिच्यावरील चित्रपट १९५६ साली आला. मराठी वाचकाला व्हॅन गॉग भेटला तो मुख्यतः या कादंबरीतून. कादंबरीची ताकद वादातीत आहे. पण तिच्या प्रभावाखाली झाड पाहण्याआधीच आपल्याला कापलेला कान दिसू लागतो, आणि मग तुती व पाइन, आनंद व घालमेल, सारे एकाच वेडाच्या खात्यावर जमा होते. ‘अभिव्यक्ती’ या शब्दाचा अर्थ ‘आत होते ते बाहेर सांडले’ इतका स्वस्त होतो. तसे असते तर त्याच माणसाने काही आठवड्यांच्या अंतराने इतक्या भिन्न भावांची दोन झाडे कशी काढली, याचे उत्तर देता येत नाही.

मराठी समीक्षेत या प्रश्नाला भिडण्याची सामग्री आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. तुतीचे चित्र नारिंगी-निळ्याच्या विरोधावर उभे आहे, आणि खालची फिकी जमीन त्याला समतोल देते. पाइनच्या चित्रात तांबडा जमिनीतून खोडांत, खोडांतून भिंतीत असा संवाद करत फिरतो, त्यामुळेच कोंडल्यासारखे वाटते. मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पनाही येथे उपयोगी पडते: दूरस्थ वाटणारे दोन अनुभव भावनेच्या पातळीवर एकमेकांशी जुळतात. गेरूचा तांबडा आणि रुग्णाची घालमेल यांत बाह्य साम्य काहीच नाही. चित्र ते भावनेच्या बळावर जोडते. रूपवादावर जे आक्षेप घेतले गेले ते आम्ही जाणतो. रुग्णालय, भिंत, सोबती हा संदर्भ वजा केला तर चित्राचे निम्मे वजन कमी होईल, हेही मान्य. परंतु तो संदर्भ चित्रात शिरतो तो रंगाच्या दारातून, चरित्राच्या खिडकीतून नव्हे.

आपल्याकडील बालकवींची ‘औदुंबर’ या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. (बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, व्हॅन गॉगच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, हा निव्वळ योगायोग.) त्या छोट्या कवितेतले झाड म्हणजे कोण, कवी स्वतः की एखादा विरक्त, याची चर्चा मराठीत कित्येक पिढ्या चालली. कवीच्या उदासीनतेचे दाखले दिले गेले. पण ती कविता वाचताना आपल्याला प्रथम जाणवतो तो रंगांचा क्रम आणि अखेरीस येणारी स्थिरता. तिचे गूढ तेथे आहे, आणि ‘औदुंबर म्हणजे कोण’ याचे उत्तर मिळाल्याने ते उलगडत नाही.

म्हणून ‘ऑटम’चे भाषांतर शरद करावे की शिशिर, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: ते त्या त्या कवितेतील झाडाला विचारावे. तुतीचे झाड भाषांतरित करायचे झाले तर शरद हाच शब्द योग्य. ते उजेडाने भरलेले आहे, आणि आपल्या शरदाशी त्याचे नाते कोणत्याही शिशिरापेक्षा जवळचे आहे. पाइनला मात्र शरद चालणार नाही, शिशिरही नाही; पानगळ तर नाहीच, कारण तेथे गळलेले पान नाही. तेथे ऋतूचे नाव बाजूला ठेवून सरळ ‘करवतलेले झाड’ असे लिहावे, आणि त्याच्याभोवतीचा तांबडा आपल्या भाषेत किती भरता येतो ते पाहावे.